हिवाळ्याआधीचा सराव: स्की पेट्रोलच्या आपत्कालीन प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या स्की पेट्रोलच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षणाच्या तारखांचे ईमेल यायला लागतात, आणि मराठी मित्रमंडळींकडून मला प्रश्न यायला लागतात. काही जण नव्याने पेट्रोलमध्ये यायचा विचार करत असतात, काहींचा मुलगा किंवा बायको आधीच त्यात असते आणि "अजून बर्फ पडला नाही, मग दर शनिवारी जातेस कुठे?" हे त्यांना कळत नसतं. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं अमेरिकेतल्या नॅशनल स्की पेट्रोल या संस्थेच्या चौकटीतली आहेत. प्रत्येक डोंगराचे स्वतःचे नियम असतात, आणि जिथे दोन्हींत फरक पडेल तिथे तुमच्या डोंगराचा नियम पाळायचा.

१. स्की पेट्रोल म्हणजे नेमकं काय? ही माणसं डॉक्टर असतात का?

बहुतेक जण डॉक्टर नसतात. शिक्षक, इंजिनियर, सुतार, बँकेतले लोक, निवृत्त लोक, सगळे असतात. स्की रिसॉर्टच्या उतारावर कुणी पडलं, आदळलं, हरवलं, लिफ्टवर, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या खुर्च्यांवर, अडकलं तर सर्वांत आधी पोचणारी ही माणसं. जखमीला तपासायचं, स्थिर करायचं, टोबॉगनवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या लांब घसरगाडीवर, बांधून खाली आणायचं आणि रुग्णवाहिकेच्या हवाली करायचं, हे त्यांचं काम. पश्चिमेकडच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये पगारी पेट्रोलर जास्त दिसतात, पूर्वेकडच्या आणि देशाच्या मधल्या भागातल्या छोट्या डोंगरांवर स्वयंसेवक.

संस्थेची सुरुवात एका अपघातातून झाली. १९३६ साली व्हरमाँटमधल्या स्टो इथे, माउंट मॅन्सफिल्डवर, चार्ल्स मायनट डोल यांचा घोटा मोडला. मदतीची कसलीही व्यवस्था नव्हती. सोबत्यांनी छपराच्या पत्र्याच्या तुकड्यावर घालून त्यांना खाली आणलं. त्याच वर्षी त्या सोबत्यांपैकी फ्रँक एडसन स्कीच्या शर्यतीत जखमी होऊन मरण पावले. डोल यांनी त्यानंतर हा विषय सोडला नाही, आणि १९३८ मध्ये नॅशनल स्की पेट्रोल उभी राहिली. आज तिचे तीस हजारांहून जास्त सदस्य आहेत.

२. बर्फच नाही, तर प्रशिक्षण कशाचं?

स्की करण्याचं नव्हे, माणूस वाचवण्याचं. हे दोन वेगळे विषय आहेत आणि दुसऱ्याला बर्फ लागत नाही. छातीवर दाब देणं, रक्तस्राव थांबवणं, मोडलेल्या हाडाला आधार बांधणं, ऑक्सिजन लावणं, दोराने माणूस खाली उतरवणं हे सगळं हिरवळीवर, पार्किंगमध्ये, लॉजच्या लाकडी फरशीवर करता येतं.

खरं कारण मात्र विसरणं हे आहे. एप्रिलमध्ये लिफ्ट बंद होते आणि पुढचे सात-आठ महिने बहुतेक स्वयंसेवक एकाही जखमीला हात लावत नाहीत. सीपीआरसारखी (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देण्यासारखी) हाताची कौशल्यं काही महिन्यांतच ढिली पडतात, हे वैद्यकीय शिक्षणात पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. डोक्यात पायऱ्या राहतात, हात अडखळतात. पट्टा कुठून कुठे घालायचा, बकल कुठल्या बाजूला, इथे वेळ जातो. आणि हंगामाच्या पहिल्याच सकाळी, अजून बर्फ कमी आणि उघडे दगड जास्त असताना, मांडी मोडलेला माणूस समोर येऊ शकतो. तुम्ही आठ महिने घरी होता याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून हा सराव हंगामाच्या आधीच झालेला असायला हवा.

३. वर्षाचं वेळापत्रक साधारण कसं असतं?

दोन वेगळे गट धरा.

नवीन उमेदवार: त्यांना 'आउटडोअर इमर्जन्सी केअर', बोलण्यात ओईसी, हा पूर्ण अभ्यासक्रम करावा लागतो. १९८० च्या दशकात संस्थेने स्वतःचा अभ्यासक्रम तयार केला, कारण शहरातला प्रथमोपचार रस्ता, वीज आणि दहा मिनिटांत येणारी रुग्णवाहिका गृहीत धरतो, आणि डोंगरावर यातलं काहीच नसतं. बऱ्याच ठिकाणी हा वर्ग उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होऊन बर्फ पडायच्या सुमारास संपतो. आठवड्यात एक-दोन संध्याकाळी आणि काही पूर्ण शनिवार-रविवार. शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा. जाडजूड पुस्तक आहे आणि ते वाचल्याशिवाय वर्गात आलात तर मागे पडाल.

जुने पेट्रोलर: त्यांना दरवर्षी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, करावं लागतं. थोडा भाग घरी ऑनलाइन, मग साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान प्रत्यक्ष हजेरी. सीपीआर (प्रश्न ६) आणि लिफ्टवरून सुटका (प्रश्न ७) हे जोडून किंवा वेगळ्या दिवशी.

४. रिफ्रेशरमध्ये दरवर्षी तेच तेच असतं का?

नाही. अभ्यासक्रम तीन भागांत वाटलेला आहे: अ, ब आणि क. दरवर्षी एक भाग, तीन वर्षांत सगळा अभ्यासक्रम पुन्हा डोळ्याखालून आणि हाताखालून जातो. प्रमाणपत्रही तीन वर्षांच्या चक्राला बांधलेलं आहे. रुग्णाची तपासणी आणि जीव वाचवणाऱ्या गोष्टी मात्र दरवर्षी असतात, आणि असायलाच हव्यात.

५. त्या दिवशी प्रत्यक्ष काय करून घेतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

सकाळी लॉजमध्ये कॉफी आणि हजेरी, मग छोटे गट पडतात. एका जागी एकच कौशल्य अशा फेऱ्या असतात: इथे टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा), तिथे ऑक्सिजनची टाकी आणि मास्क, पलीकडे हेल्मेट काढणं, त्याच्या पुढे मांडीच्या मोडलेल्या हाडाला ताण देणारा स्प्लिंट (बांधायचा आधार). टूर्निकेट जखमेच्या वर सुमारे पाच ते सात सेंटिमीटरवर, सांध्यावर कधीच नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचं आणि लावल्याची वेळ लिहायची. वाचताना एका ओळीत संपतं. जाड स्की पँटवरून, खिशातल्या वस्तू टाळून, घट्ट हातमोजे घालून करायला गेलं की दोन मिनिटं कशी जातात ते कळतं.

दुपारनंतर खोट्या प्रसंगांचा भाग. कुणीतरी जखमी होतो. त्याला कागदावर सगळं लिहून दिलेलं असतं: झाडावर आदळला, डाव्या बरगड्या दुखतात, आधी नीट बोलतो, मग हळूहळू गुंगतो. तुम्ही येता. आधी जागा सुरक्षित आहे का पाहायचं आणि वरच्या बाजूला कुणाला तरी उभं करायचं, म्हणजे दुसरा स्कीअर अंगावर येणार नाही. मग मोठा रक्तस्राव, श्वसनमार्ग, श्वास, नाडी. त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत तपासणी आणि प्रश्न: काय होतंय, कसली ॲलर्जी, कुठली औषधं, आधीचे आजार, शेवटचं कधी खाल्लं, हे कसं घडलं. तपासणी करताना काय दिसतं ते मोठ्याने बोलायचं असतं, म्हणजे सोबत्यालाही कळतं आणि परीक्षकालाही.

या प्रसंगांत सर्वांत जास्त चूक होते ती नजरेत भरणारी जखम पाहून बाकी माणूस विसरण्याची. मनगट वाकडं दिसतं, सगळे मनगटाकडे धावतात आणि पोटातला रक्तस्राव राहून जातो. स्नोबोर्ड करणाऱ्यांची मनगटं आणि स्की करणाऱ्यांचे गुडघे इतक्या वेळा येतात की पुढचाही तसाच असेल असं वाटायला लागतं. चांगला प्रशिक्षक मुद्दाम नेहमीच्या दुखण्याखाली वेगळं काहीतरी दडवून ठेवतो.

माझं ठाम मत: प्रसंग सभागृहात करू नयेत. बाहेर, उतारावर, गवत ओलं असताना, हातमोजे घालून आणि पाठीवरच्या खऱ्या पिशवीतूनच सामान काढून करावेत. टेबलावर नीट मांडून ठेवलेल्या साहित्याचा सराव हा टेबलाचा सराव होतो.

६. मी ऑफिसात सीपीआर शिकलो आहे. ते चालेल का?

बहुधा नाही. पेट्रोलरला आरोग्यसेवकांच्या पातळीचं सीपीआर आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) लागतं: दोघांनी मिळून करायचं, लहान मुलाचं आणि बाळाचं वेगळं, तोंडावर पिशवी-मास्क धरून श्वास द्यायचा. ऑफिसातला वर्ग सर्वसामान्यांसाठीचा असतो. प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असली तरी दरवर्षी कौशल्य करून दाखवावं लागतं.

आकडे तेच: मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली किमान पाच आणि कमाल सहा सेंटिमीटर, एकट्याने करताना ३० दाबांनंतर २ श्वास. डोंगरावर अडचण वेगळीच असते. पाठीखाली मऊ बर्फ असेल तर तुमचा दाब छातीऐवजी बर्फात जातो. म्हणून शरदातल्या सरावात एकदा तरी पुतळा जाड गादीवर ठेवून दाब द्या आणि फरक हाताला कळू द्या. मग रुग्णाखाली कडक फळी किंवा तुडवून घट्ट केलेली जागा का लागते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

७. लिफ्ट बंद पडली तर लोकांना खाली कसं आणतात? त्याचा सराव कधी होतो?

दरवर्षी, लिफ्ट लोकांसाठी सुरू होण्याआधी. शरदातला हा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात चुकीला जागा नसते आणि खऱ्या हंगामात ही वेळ क्वचित येते. क्वचित लागणारी गोष्टच सरावाविना विसरली जाते.

लिफ्ट थांबली म्हणजे लगेच दोर निघत नाहीत. आधी यंत्रवाले जोडइंजिनावर ती फिरवून खुर्च्या रिकाम्या करायचा प्रयत्न करतात. ते जमत नाही असं ठरलं, आणि तसा हुकूम झाला, तरच दोराने सुटका. पेट्रोलच्या तुकड्या खांबांच्या मधले टप्पे वाटून घेतात. वरच्या जाड तारेवरून दोर टाकला जातो, त्याच्या एका टोकाला बसायची छोटी बैठक किंवा पट्टा असतो. खुर्चीतला माणूस तो स्वतःच अंगात घालतो, खालून आपण प्रत्येक पाऊल सांगायचं असतं. दुसरं टोक जमिनीवरच्या पेट्रोलरकडे, घर्षणाच्या साधनातून घेतलेलं. त्याने दोर हळूहळू सोडला की माणूस खाली येतो. मग दोर तारेवरून पुढे नेत पुढची खुर्ची.

सरावात पेट्रोलरच आळीपाळीने खुर्चीत बसतात, आणि नव्या माणसाने तिथे बसावंच असं मी सांगेन. वीस-पंचवीस फुटांवर पाय लोंबकळत असताना खालच्या माणसाचा आवाज किती हवाहवासा वाटतो हे बसल्याशिवाय कळत नाही. "घाबरू नका" या शब्दांनी काही होत नाही. "आता उजवा हात पट्ट्यातून काढा, बरोबर, आता माझ्याकडे बघा" याने होतं.

लहान मूल एकटं बसलेलं असणं ही सर्वांत अवघड खुर्ची. त्याला पट्टा घालता येत नाही, म्हणून कुणीतरी वर जावं लागतं, आणि ते काम त्याचं खास प्रशिक्षण घेतलेल्यांचंच. कुणाला आधी उतरवायचं, थंडीने कोण आधी गारठेल, वरच्या मुलाचे आईबाप खाली उतरल्यावर कुठे थांबतील, हेही त्याच दिवशी बोलून घ्यायचं. दोर, पट्टे आणि कड्या तपासण्याचं कामही तेव्हाच होतं. दोराला कुठे फुगवटा, कडकपणा किंवा खरचटलेलं आवरण दिसलं तर तो दोर बाजूला काढायचा, वाद घालायचा नाही.

८. सप्टेंबरच्या उन्हात गारठलेल्या रुग्णाचा सराव कसा करणार?

थंडी आणता येत नाही, पण निर्णयांचा सराव होतो. कुडकुडणारा आणि नीट बोलणारा माणूस वेगळा, कुडकुडणं थांबलेला आणि असंबद्ध बोलणारा वेगळा. दुसऱ्याच्या शरीराचं तापमान बहुधा ३२ अंश सेल्सियसच्या खाली गेलेलं असतं आणि त्याला हिसके बसले तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून त्याला आडवाच ठेवायचं, हळुवार हलवायचं, चालायला लावायचं नाही. खूप गारठलेल्या माणसाची नाडी इतकी मंद असू शकते की ती पूर्ण मिनिटभर शोधावी लागते. सरावात घड्याळ लावून खरोखर साठ सेकंद बोट मानेवर ठेवा. तेवढं थांबणं किती अवघड आहे ते तिथेच समजतं.

हिमदंशाचंही तसंच. चोळायचं नाही, आणि तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायचाच नाही. वितळवायचा तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, आणि तेही आत, उबेत.

९. हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधण्याचा सराव गवतात होतो का?

होतो, आणि छान होतो. गाडलेल्या माणसाच्या अंगावरचं बीकन, म्हणजे छोटं रेडिओ यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवत असतं, त्याला खाली बर्फ आहे की गवत हे कळत नाही. पिशवीत बीकन घालून ते मैदानात लपवा, आणि शोधा: आधी संदेश पकडणं, मग आपल्या बीकनवरच्या बाणाच्या दिशेने जाणं, शेवटी जमिनीलगत धरून सर्वांत कमी आकड्याची जागा. फोन आणि रेडिओ बीकनपासून लांब ठेवायचे. शोधताना किमान अर्धा मीटर.

फावड्याचा सराव मात्र बर्फाशिवाय होत नाही, आणि खऱ्या सुटकेत सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. पूर्ण गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत चांगली असते, अर्ध्या तासापर्यंत ती फार खाली घसरते, कारण बहुतेक जण गुदमरून जातात. त्यामुळे चेहरा मोकळा झाला की आधी श्वसनमार्ग आणि श्वास. थंडीचा विचार नंतर.

१०. टोबॉगनचं काय?

ते बर्फावरच. शरदात फक्त बांधणी: रुग्णाला कसं ठेवायचं, पट्टे कसे आवळायचे, डोकं वर की खाली. टोबॉगन उतारावरून नेणं हे हंगाम सुरू झाल्यावर, जुन्या पेट्रोलरच्या देखरेखीखाली, आठवडेच्या आठवडे.

११. मी डॉक्टर आहे (किंवा नर्स, किंवा ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित कर्मचारी). मला हे सगळं करावं लागेल का?

पूर्ण अभ्यासक्रम नसेल कदाचित, कारण वैद्यकीय शिक्षण असलेल्यांना थेट परीक्षा देण्याचा छोटा मार्ग असतो. पण रिफ्रेशर आणि प्रात्यक्षिक चुकत नाही. मला विचाराल तर पूर्ण वर्गालाच बसा. अतिदक्षता विभागात निष्णात असलेल्या माणसाने वाऱ्यात, ३० अंशांच्या उतारावर, गुडघ्यावर बसून नडगीला स्प्लिंट बांधलेला नसतो. उलट तुमचं ज्ञान वर्गातल्या बाकीच्यांच्या फार उपयोगी पडतं. एक मर्यादा लक्षात ठेवा: पेट्रोलच्या जाकिटात असताना तुम्ही पेट्रोलच्या कार्यकक्षेतच काम करता. त्याबाहेरचा उपचार करायचा असेल तर तुमच्या डोंगराच्या वैद्यकीय सल्लागाराशी आधी बोलून ठेवा.

१२. रिफ्रेशरचा दिवस चुकला तर? नेमकी त्याच आठवड्यात दिवाळी येते.

दिवाळीची अडचण खरी आहे, अनेकांनी विचारली आहे. तुमच्या पेट्रोलच्या प्रमुखाला आधी सांगून शेजारच्या डोंगरावरच्या रिफ्रेशरला जाता येतं, बरेच लोक तसं करतात. ऑनलाइन भाग आधी पूर्ण करून ठेवा आणि दुसरीकडे हजेरीची सही घेऊन ती आपल्या प्रशिक्षकाकडे पोचवा. मात्र लिफ्टवरून सुटकेचा सराव तुमच्याच डोंगरावर करायला हवा, कारण लिफ्ट, दोर आणि आराखडा तिथलाच असतो. रिफ्रेशर झालं नसेल तर ते होईपर्यंत ड्यूटी नाही.

१३. माझं इंग्रजी चांगलं आहे, पण घाईत अडखळते. रेडिओवर बोलायची भीती वाटते.

ही भीती इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही असते. रेडिओवर सुंदर वाक्यं नको असतात. ठरलेला क्रम असतो: मी कोण, कुठल्या उतारावर, रुग्ण पुरुष की स्त्री, अंदाजे वय, काय झालंय, किती गंभीर, काय हवंय. हा क्रम पाठ झाला की भाषा मागे पडते. उन्हाळ्यात घरीच करा: बातमीतला कुठलाही अपघात घ्या आणि पंधरा सेकंदांत रेडिओवर सांगितल्यासारखा बोला.

रुग्णवाहिकेच्या लोकांना रुग्ण सोपवतानाही असंच. त्यांना तुमच्याकडून हवं असतं ते इतकंच: कसं घडलं, काय सापडलं, काय केलं, नाडी आणि श्वास आधी किती आणि आता किती.

तुमची मराठी किंवा हिंदीही कामाला येते. भारतातून पहिल्यांदा बर्फ बघायला आलेले आजी-आजोबा पडले आणि "कुठे दुखतंय आजी?" असं कुणी विचारलं, तर तपासणी निम्मी सोपी होते.

१४. वय पन्नाशीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात. जमेल का?

वयाची वरची मर्यादा नाही, आणि साठीतले उत्तम पेट्रोलर प्रत्येक डोंगरावर आहेत. गुडघ्यावर बसून सीपीआर करता आलं पाहिजे, तिथे सवलत नाही. टोबॉगन ओढणं शक्य नसेल तर प्रथमोपचार कक्षात काम करणाऱ्या पेट्रोलरची वेगळी श्रेणी आहे. तिलाही हेच प्रशिक्षण लागतं. दुसऱ्या टोकाला, १५ वर्षांपासूनच्या मुलांसाठी तरुणांचा वेगळा गट आहे.

१५. पूर्वी पडलेल्या प्रत्येकाला कडक फळीवर बांधायचे. आता प्रशिक्षक वेगळं सांगतात. खरं काय?

दोन्ही आपापल्या काळात शिकवलं गेलं. पूर्वी मणक्याच्या दुखापतीची नुसती शंका आली तरी लांब फळी असायची. पुढे लक्षात आलं की तासन्‌तास कडक फळीवर ठेवल्याने दुखणं, दाबाच्या जखमा आणि श्वासाला अडथळा होतो, आणि फायद्याचा पुरावा कमकुवत आहे. आता भर मणक्याची हालचाल कमीत कमी ठेवण्यावर आहे. फळी मुख्यतः उचलायचं साधन म्हणून. कुणाला काय करायचं हे तुमच्या डोंगराची लेखी पद्धत ठरवते. दर शरदात ती नव्याने वाचा. जुन्या पेट्रोलरला नवीन शिकण्यापेक्षा जुनं सोडणं जड जातं, आणि रिफ्रेशरचा अर्धा उपयोग त्यासाठीच आहे.

१६. मांडीचं हाड मोडलं की ताण देणारा स्प्लिंट लावायचाच, बरोबर?

नाही. तो मांडीच्या हाडाच्या मधल्या भागात मोडलं असेल तरच. त्याच पायाचा गुडघा, नडगी किंवा घोटा दुखावला असेल, खुबा किंवा ओटीपोटाचं हाड मोडल्याची शंका असेल, तर ताण द्यायचा नाही, कारण ताण नेमका त्या जागेवरून जातो. आणि रुग्णाची नाडी वेगाने बिघडत असेल तर स्प्लिंटमध्ये वेळ घालवण्यापेक्षा त्याला खाली नेणं आधी. सरावात प्रशिक्षकाला मुद्दाम सांगा: "मला असा रुग्ण द्या ज्याला हा लावायचा नाही." कसा लावायचा हे सगळे शिकतात, कधी थांबायचं हे प्रसंगातूनच मुरतं. (स्प्लिंटआधी काय तपासायचं, ते प्रश्न ५ मध्ये.)

१७. उन्हाळ्यात रस्त्यावर अपघात दिसला आणि मी मदत केली, तर कायद्याने अडकेन का?

ओईसी हे पेट्रोलचं प्रशिक्षण आहे, राज्याचा ईएमटी परवाना नव्हे. ड्यूटीबाहेर तुम्ही प्रशिक्षित नागरिक असता. अमेरिकेतल्या राज्यांत सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे आहेत, तपशील राज्यागणिक बदलतो. स्वयंसेवकांसाठी १९९७ चा केंद्रीय कायदाही आहे, पण बेफिकिरीने केलेल्या घोर चुकीला कुठेच संरक्षण नाही. जे शिकलात तेवढंच करा, रुग्ण शुद्धीवर असेल तर परवानगी विचारा, मदत आली की नीट सोपवा. सुट्टीत भारतात असाल तर तिथेही रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १३४अ खाली, संरक्षण आहे.

१८. आमच्या डोंगरावर उन्हाळ्यात सायकल पार्क चालतं. तो 'हंगामाबाहेरचा' काळ कसा?

तुमच्यासाठी नाहीच. लिफ्टने सायकली वर नेऊन उतारावरून येणाऱ्यांच्या जखमा स्कीअरइतक्याच गंभीर असतात: गळपट्टीचं हाड, मनगट, हँडल पोटात लागणं. त्यात उष्माघात आणि मधमाशीच्या डंखाने येणारी तीव्र ॲलर्जी. उन्हाळाभर सायकल पेट्रोल केलेल्यांचे हात शरदात तयार असतात, पण दोर, बीकन आणि थंडीचे विषय त्यांच्याही हातून सुटलेले असतात. रिफ्रेशर त्यांनाही तितकंच लागतं.

१९. मी मेलबर्नला आहे. हे वेळापत्रक उलटं होईल ना?

हो. तिकडचा हंगाम साधारण जून ते सप्टेंबर, त्यामुळे तयारी त्याआधीच्या शरदात. अभ्यासक्रमही तिथला, ऑस्ट्रेलियातल्या पेट्रोलचा. भारतात गुलमर्गला स्की पेट्रोल आहे आणि गोंडोलाचा (तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यांच्या लिफ्टचा) वरचा टप्पा अफरवटच्या बाजूला जवळपास चार हजार मीटरवर जातो. तिथे हिमस्खलन आणि उंची हे दोन्ही मुख्य विषय. तत्त्वं सगळीकडे सारखी, प्रमाणपत्र मात्र आपोआप चालेल असं धरू नका.

२०. आम्ही सह्याद्रीत बचावकार्य करतो. यातलं आमच्या कामाचं काय?

बरंच. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र किंवा महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेले गट दोराच्या कामात आमच्यापेक्षा मुरलेले आहेत, ते आम्हीच शिकावं. स्की पेट्रोलकडून घेण्यासारखं आहे ते वार्षिक शिस्तीचं: पावसाळी गर्दी सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, सगळ्यांनी एक दिवस बसून रुग्णतपासणी, रक्तस्राव आणि सीपीआर हातांनी करायचं, आणि ज्याने केलं नाही त्याने त्या मोसमात रुग्णाजवळ पुढाकार घ्यायचा नाही. भिजून वाऱ्यात रात्रभर अडकलेला ट्रेकर जूनच्या सह्याद्रीतही गारठतो, त्यामुळे प्रश्न ८ तुमच्यासाठीही आहे.

२१. मागच्या हंगामात एक मृत्यू पाहिला. यंदा रिफ्रेशरला जावंसं वाटत नाही.

प्रशिक्षकाला किंवा पेट्रोलच्या प्रमुखाला आधीच सांगा, त्या दिवशी तोंडावर नको. तसाच प्रसंग सरावात आला तर बाजूला राहायची मोकळीक मागा, ती मिळायला हवी. झोप उडणं, तो उतार टाळावासा वाटणं, छोट्या गोष्टींवर चिडणं हे अशा अनुभवानंतर होतं आणि बरंही होतं. ते आठवडेच्या आठवडे टिकलं तर समुपदेशकाकडे जा. एखादा हंगाम प्रथमोपचार कक्षात काढणं किंवा पूर्ण सुट्टी घेणं यात कमीपणा काहीही नाही. आणि पेट्रोलच्या प्रमुखांना माझी विनंती: शरदातल्या पहिल्या बैठकीत मागच्या वर्षीच्या अवघड प्रसंगांवर स्वतःहून बोला, कुणी विचारायची वाट पाहू नका.

२२. रिफ्रेशरला जाताना काय घेऊन जाऊ?

तुमची हंगामातली पिशवी, एप्रिलमध्ये जशी ठेवली तशीच. तिथे सगळ्यांसमोर रिकामी करा. फाटलेले हातमोजे, कडक झालेली चिकटपट्टी, मुदत संपलेली औषधं, गळलेली बॅटरी बाहेर काढा. कात्री जाड कापड कापते का पाहा. सोबत उबदार कपडे, गुडघ्याखाली घ्यायला जाडसर घडी, स्की हातमोजे, सीपीआरचं कार्ड, ऑनलाइन भाग पूर्ण केल्याचा पुरावा आणि डबा. लॉजचं स्वयंपाकघर तेव्हा बंद असतं.